वेदरबींची वही

अठराव्या शतकात न्यूमार्केटच्या माळावर दोन उमरावांनी आपापले घोडे एकमेकांविरुद्ध पळवायचे ठरवले, की पैज कितीची, अंतर किती आणि कोणत्या घोड्याच्या पाठीवर किती वजन, हे सारे एका वहीत लिहून ठेवले जाई. शब्द फिरू नये म्हणून वही आणि वहीत खाडाखोड होऊ नये म्हणून विश्वासू माणूस. इंग्लंडमधील अश्वशर्यतींचा कारभार पुढे दोन शतकांहून अधिक काळ ज्याच्या हाती राहिला, तो जॉकी क्लब १७५० च्या सुमारास उभा राहिला होता. त्याने १७७० मध्ये ही वही जेम्स वेदरबी या गृहस्थांच्या स्वाधीन केली. ‘कीपर ऑफ द मॅचबुक’ हा त्यांचा हुद्दा. क्लबचे चिटणीसपद आणि पैजेची रक्कम निकालापर्यंत सांभाळण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. आज वेदरबीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा आरंभ इथला. वही बदलली, शाई गेली, संगणक आला, पण वही ज्या घराण्याकडे सोपवली होती ते घराणे अजून त्याच कामावर आहे.

आरंभीचे दिवस सुखाचे नव्हते. १७७३ मध्ये वेदरबींनी वर्षभरातील शर्यतींचे निकाल छापणारे ‘रेसिंग कॅलेंडर’ काढले, तेव्हा त्याच धर्तीचे दुसरे वार्षिक बाजारात होते आणि ते चालवणारे फॉकनर हटायला तयार नव्हते. काही वर्षे त्याच घोड्यांचे, त्याच मैदानांवरचे निकाल दोन प्रतिस्पर्धी ग्रंथांतून छापले जात राहिले. शर्यतीची माहिती छापून विकण्याचा अधिकार कोणाचा, हा झगडा एकविसाव्या शतकात संगणकाने आणला अशी अनेकांची समजूत आहे. संस्थेच्या दप्तरात तो पहिल्या पानापासून आहे. त्या पहिल्या फेरीत वेदरबी टिकले, आणि कॅलेंडर हे शर्यतींचे अधिकृत मुखपत्र बनले.

दुसरा टप्पा वंशावळीचा. शर्यतीत वयाला, जातीला आणि रक्ताला महत्त्व, त्यामुळे एका घोड्याच्या नावावर दुसराच पळवण्याचा मोह जुना. त्याला आळा घालायचा तर घोड्याची आई कोण, बाप कोण, हे नोंदलेले हवे. जेम्स वेदरबींच्या त्याच नावाच्या पुतण्याने जुनी कॅलेंडरे, विक्रीची कागदपत्रे आणि पागांमधली खासगी टिपणे चाळून १७९१ मध्ये ‘जनरल स्टड बुक’ची प्रस्तावनारूप आवृत्ती काढली आणि १७९३ मध्ये पहिला खंड. मराठी घरांतून कुलवृत्तान्त सिद्ध करणाऱ्यांना या खटाटोपाची कल्पना येईल. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या धुंडाळाव्यात तसेच हे काम, फरक इतकाच की इथे कूळ घोड्यांचे. जगातील प्रत्येक थरोब्रेड घोड्याची पितृपरंपरा बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन पूर्वजांपैकी एकापाशी जाऊन थांबते, हे आज सहज सांगता येते ते या ग्रंथामुळे. पुढे देशोदेशींची स्टड बुके याच नमुन्यावर उभी राहिली. पुण्यात रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या छत्राखाली चालणारे भारतीय स्टड बुकचे कार्यालय हे त्याच परंपरेतले. महालक्ष्मीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या घोड्याचा जन्मदाखला तिथे सापडतो.

तिसरा टप्पा वजनाचा, आणि शर्यतीचा खरा मेंदू तोच. सगळे घोडे सारख्या ताकदीचे नसतात. असते तर पैज लावायला कोणी आलेच नसते. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त शिसे आणि दुबळ्याच्या पाठीवर कमी, असे करून सर्वांना शक्यतो बरोबरीने अंतिम खांबापाशी आणायचे, याला हँडिकॅप म्हणतात. हे काम शास्त्राच्या पातळीवर नेण्याचा मान ॲडमिरल हेन्री राउस यांना दिला जातो. आरमारातून निवृत्त झालेल्या या दर्यावर्दीने १८५५ पासून हँडिकॅपर म्हणून जबाबदारी घेतली आणि घोड्याचे वय, अंतर व महिना यांनुसार किती वजन द्यायचे याची कोष्टके बसवून दिली. त्यांत सुधारणा होत गेल्या, पण मूळ चौकट आजही त्यांचीच आहे. आजच्या हँडिकॅपमध्ये घोड्याला एक अंक दिला जातो आणि एक अंक म्हणजे एक पौंड. ९० अंकांचा घोडा ८० अंकांच्या घोड्यापेक्षा दहा पौंड जास्त घेऊन धावतो. हा अंक कोठे सापडत नाही, तो ठरवावा लागतो. प्रत्येक शर्यतीनंतर कोण कितीने जिंकला, माती ओली होती की कोरडी, जॉकीने घोडा शेवटपर्यंत रेटला की आवरून धरला, हे पाहून हँडिकॅपर तो वरखाली करतो. सापडलेली माहिती वेगळी आणि ठरवलेली वेगळी, हा फरक ध्यानात ठेवावा. पुढे एक सारा खटला त्याच्याच भोवती फिरला.

एकोणिसावे शतक आणि विसाव्याचा पूर्वार्ध वेदरबी घराण्याने निष्ठेने, फारसा गाजावाजा न करता पार पाडला. पिढ्या बदलल्या, नोंदी वाढल्या, लंडनचे कार्यालय कालांतराने नॉर्दम्प्टनशरमधील वेलिंगबरो येथे गेले. बाहेरच्या जगात मात्र मोठी उलथापालथ झाली. मैदानाबाहेर रोखीने पैज लावणे ब्रिटनमध्ये बेकायदा होते. १९६० च्या कायद्याने ते खुले झाले आणि मे १९६१ पासून गल्लोगल्ली बेटिंगची दुकाने उघडली. बुकींचा धंदा शर्यतींवर चालतो, तर शर्यतींच्या पोषणासाठी त्यांनी वाटा द्यावा, या न्यायाने त्याच वर्षी कायद्याने लेव्ही बसवण्यात आली आणि ती गोळा करण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले गेले. किती द्यायचे यावरून शर्यतवाले आणि बुकी दरवर्षी भांडत. ते भांडण हीही एक परंपराच झाली.

१९९३ मध्ये ब्रिटिश हॉर्सरेसिंग बोर्ड स्थापन झाले. शर्यतींचे वेळापत्रक, नियोजन आणि अर्थकारण जॉकी क्लबकडून या नव्या मंडळाकडे आले, शिस्त आणि नियमन क्लबकडे राहिले. वेदरबीज बोर्डाच्या वतीने नोंदणी आणि दैनंदिन प्रशासन सांभाळू लागली. मॅचबुकाचे रूपांतर आता एका अजस्र संगणकीय माहितीसंचात झाले होते. न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांवरून त्याचा पसारा कळतो: दहा लाखांहून अधिक घोड्यांची माहिती, अनेक पिढ्यांच्या वंशावळी, मालकांचे नोंदलेले रंग, ट्रेनर, जॉकी, हँडिकॅपचे अंक, आणि दरवर्षी सुमारे आठ लाख नव्या किंवा दुरुस्त नोंदी. हे चालू ठेवण्यासाठी सुमारे ८० माणसे आणि वर्षाला सुमारे ४० लाख पौंड लागत.

या ८० जणांतील बहुतेकांची नावे कोठे छापली गेली नाहीत, पण त्यांचे काम कसे चाले ते सांगणे आवश्यक आहे. सुमारे ३० जण नुसत्या टेलिफोनवर. ट्रेनर फोन करून आपला घोडा अमुक शर्यतीसाठी देतो, फोन ध्वनिमुद्रित होतो. बोलणारा खरोखर अधिकृत आहे का, घोड्याचे वय, लिंग, आजवरची कामगिरी त्या शर्यतीच्या अटींत बसते का, मालकाची काही थकबाकी तर नाही, हे तपासले जाते. मग हँडिकॅपरचे वजन चढते. शर्यतीच्या आदल्या दिवशी ट्रेनर घोडा पळणार असल्याचे पक्के करतो, त्याला खोगिराखालच्या कापडाचा क्रमांक आणि सपाट मैदानाच्या शर्यतीत सुटण्याचा स्टॉल नेमून दिला जातो, आणि अंतिम यादी बाहेर पडते. संध्याकाळपर्यंत ती वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि टीव्हीच्या पडद्यावर पोचलेली असते. बुकींना ती वर्गणी भरून थेट तारेवर मिळते.

वर्गण्यांमधून खर्चाचा जेमतेम चौथा हिस्सा वसूल होई. संस्थेच्या चिंतेचे मूळ इथे आहे. २००० मध्ये सरकारने लेव्ही बंद करण्याचा मनोदय जाहीर केला आणि शर्यतींनी आपला संसार आपल्या मिळकतीवर करावा असे सुचवले. शर्यतींकडे विकण्यासारखे काय होते? तिकिटे, टीव्हीचे हक्क, आणि ही यादी. अध्यक्ष पीटर सॅव्हिल यांच्या काळात बोर्डाने यादीवर भिस्त ठेवली. या भिस्तीला कायद्याचा नवा आधारही मिळाला होता. युरोपीय समुदायाने मार्च १९९६ मध्ये डेटाबेसच्या संरक्षणाचा निर्देश काढला होता आणि १ जानेवारी १९९८ पासून तो ब्रिटनमध्ये लागू झाला होता. कॉपीराइटपेक्षा हा हक्क निराळा. माहिती मिळवण्यात, पडताळण्यात किंवा मांडण्यात ज्याने भरीव गुंतवणूक केली, त्याला ती माहिती दुसऱ्याने उचलू नये म्हणून पंधरा वर्षांचे संरक्षण. वर्षाला ४० लाख पौंड ओतणाऱ्या संस्थेला हा कायदा आपल्यासाठीच केला असे वाटले तर नवल नाही.

त्याच सुमारास विल्यम हिल या बड्या बुकमेकर कंपनीने इंटरनेटवर पैजा घेण्यास सुरुवात केली. दुकानातल्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवणे वेगळे आणि संकेतस्थळावर दररोजच्या शर्यतींची यादी लावणे वेगळे, असे बोर्डाचे म्हणणे पडले. विल्यम हिलकडे माहितीचा पुरवठा वर्गणीने येत होता, पण इंटरनेटवरच्या वापराला त्यात परवानगी नाही, असा दावा होता. मार्च २००० मध्ये बोर्ड, जॉकी क्लब आणि वेदरबीज यांनी लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. उचललेली माहिती किती? शर्यतीचा दिवस, वेळ, मैदान आणि धावणाऱ्या घोड्यांची नावे. वंशावळ नाही, हँडिकॅपचे अंकही नाहीत. विल्यम हिलचा युक्तिवाद असा की एवढ्या अवाढव्य संचातून हे चार दाणे, तेही आमच्या पद्धतीने मांडलेले, शिवाय सकाळच्या प्रत्येक वर्तमानपत्रात छापलेले.

९ फेब्रुवारी २००१ रोजी न्यायमूर्ती ह्यू लॅडी यांनी बोर्डाच्या बाजूने निकाल दिला. विल्यम हिलने जे घेतले ते आकाराने लहान असले तरी संचातील सर्वांत ताजा आणि सर्वांत मोलाचा भाग आहे, हे त्यांनी मानले. संस्थेत त्या दिवशी समाधान असणार. पण विल्यम हिल अपिलात गेली. जुलै २००१ मध्ये अपील न्यायालयाने लॅडींच्या मताकडे कल दाखवला, तरी निर्देशाचा अर्थ साऱ्या युरोपभर एकच असावा म्हणून लक्झेंबर्गमधील युरोपीय न्यायालयाकडे अकरा प्रश्न पाठवण्याचे ठरवले. फिनलंड, स्वीडन आणि ग्रीस या देशांतही इंग्लिश फुटबॉलच्या वेळापत्रकांवरून तोच वाद चालू होता. तिथली प्रकरणेही लक्झेंबर्गला पोचली.

चारही निकाल एकाच दिवशी, ९ नोव्हेंबर २००४ रोजी आले. न्यायालयाने निर्देशाचा हेतू बारकाईने तपासला. हा हक्क इतस्ततः असलेली माहिती शोधून एकत्र आणणाऱ्यासाठी आहे. जी माहिती आधीपासून अस्तित्वात आहे ती धुंडाळण्यात केलेला खर्च गुंतवणूक म्हणून धरला जाईल. माहिती मुळात निर्माण करण्यात झालेला खर्च धरला जाणार नाही. कोणता घोडा कोणत्या शर्यतीत धावणार हे ठरवताना केलेले फोन, तपासण्या, पडताळण्या या निर्मितीचा भाग झाल्या. गोळा करण्याचा नव्हे. बुकीला ती माहिती किती मोलाची वाटते याने काही फरक पडत नाही. पाहायचे ते एवढेच, की तिच्या संकलनात वेगळी गुंतवणूक झाली का. काही मुद्द्यांवर बोर्डाचेही म्हणणे राहिले. माहिती वर्तमानपत्रातून म्हणजे आडवाटेने घेतली म्हणून हक्क संपत नाही, हे न्यायालयाने मान्य केले. पण मूळ हक्कच नसेल तर आडवाट काय आणि राजमार्ग काय!

१३ जुलै २००५ रोजी अपील न्यायालयाने प्रकरण संपवले. बोर्डाच्या वकिलांनी शेवटचा प्रयत्न केला. ट्रेनर घोडा देतो तेव्हा माहिती जन्माला येते, वेदरबीज ती फक्त गोळा करते, असे त्यांनी मांडले. न्यायमूर्ती रॉबिन जेकब यांनी ते स्वीकारले नाही. ट्रेनर जे सांगतो ती इच्छा. बोर्डाचा अधिकृत शिक्का बसला की ती यादी होते, आणि त्या शिक्क्याने माहितीचे स्वरूपच पालटते. आपल्याकडच्या उदाहरणाने सांगायचे, तर तलाठी सातबाऱ्यावर जे आधीपासून आहे ते उतरवतो. निवडणूक अधिकारी मात्र अर्ज छाननी करून जेव्हा अंतिम उमेदवारांच्या यादीवर सही करतो, त्या क्षणाआधी तशी यादी जगात कोठेच नसते. वेदरबीज ही आयुष्यभर स्वतःला चोख तलाठी समजत आली होती. न्यायालयाने तिला सांगितले की तुम्ही निवडणूक अधिकारी आहात. दोनशे पस्तीस वर्षे जपलेला जो अधिकार, यादी आम्ही देऊ तीच खरी, तोच इथे आडवा आला. कोण्या उपऱ्याने कष्टाने जुळवलेली दुय्यम यादी कदाचित या कायद्याखाली टिकली असती! हा निकाल कायद्याच्या चौकटीत सुसंगत आहे, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यातला विनोदही कोणी नाकारत नाही.

पराभवाचा अर्थव्यवहारावर परिणाम झाला. लेव्हीऐवजी माहितीच्या विक्रीवर जगण्याची योजना ढासळली, आणि जी लेव्ही जाणार होती ती राहिली. तरी बोर्डाने हात टेकले नाहीत. अॅट द रेसेस या वाहिनीने परदेशी बुकींकडे शर्यतपूर्व माहिती पाठवण्यासाठी बोर्ड अवाच्या सवा दर मागते, अशी स्पर्धा कायद्याखाली तक्रार केली होती. डिसेंबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल वाहिनीच्या बाजूने लागला. फेब्रुवारी २००७ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. किंमत खर्चावर थोडा नफा चढवूनच ठरवावी असे बंधन नाही, घेणाऱ्याला त्या माहितीतून काय मिळते हेही मोजता येते, असे न्यायालयाने म्हटले. मालकी सिद्ध झाली नाही, पण करार करून विकण्याची मोकळीक शाबूत राहिली. व्यवहाराच्या दृष्टीने हे कमी नव्हते. ३१ जुलै २००७ रोजी बोर्ड आणि क्लबकडून नियमनाचे काम घेतलेले प्राधिकरण एकत्र येऊन ब्रिटिश हॉर्सरेसिंग ऑथॉरिटी झाली. चौदा वर्षांचे बोर्ड इतिहासात जमा झाले, पण त्याच्या नावाचा खटला युरोपातल्या विधी महाविद्यालयांत आजही अभ्यासाला असतो. मार्च २०१२ मध्ये फुटबॉल डेटाको विरुद्ध याहू या प्रकरणात वेळापत्रकांवर कॉपीराइटचा रस्ताही युरोपीय न्यायालयाने अरुंद केला. नुसते कष्ट आणि कौशल्य पुरेसे नाही, मांडणीत निर्मात्याची स्वतःची सर्जक निवड दिसली पाहिजे, असे तिथे ठरले. भारतात डेटाबेससाठी असा वेगळा हक्क नाहीच. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनीच्या प्रकरणात केवळ श्रम आणि पैसा यांवर कॉपीराइट मिळत नाही असे सांगितले, ते वाचताना वेलिंगबरोची आठवण होते.

वेदरबी घराण्याच्या संस्थेने १९९४ मध्ये स्वतःची बँक काढली. पैजेची रक्कम सांभाळणाऱ्या पूर्वजाचा तो सरळ वारसा म्हणता येईल. स्टड बुकात आता पितृत्व डीएनएच्या चाचणीने पक्के होते, शिंगराच्या मानेत चिप बसते आणि पासपोर्ट निघतो. राउसच्या कोष्टकांवर आजचे हँडिकॅपर संगणकाच्या मदतीने काम करतात, पण शर्यत पाहण्यासाठी मैदानावर जाणे त्यांना चुकत नाही. लेव्हीचेही रूप बदलले. एप्रिल २०१७ पासून परदेशी बेटांवर बसून ब्रिटिश शर्यतींवर पैजा घेणाऱ्यांनाही ती द्यावी लागते. २००५ च्या निकालानंतर नोंदवहीचे महत्त्व कमी झाले असते, तर बुकींनी स्वतःची यादी करायला घेतली असती. तसे कोणी केले नाही.

आजही शर्यतीच्या आधी ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला घोडे पक्के करण्याची मुदत संपते. टेलिफोनची जागा बहुतांशी संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. एखाद्या पागेतून शेवटच्या पाच मिनिटांत नाव येते, वजन तपासले जाते, स्टॉल काढला जातो. दुपार होण्याआधी यादी बाहेर पडते आणि ज्यांनी कोर्टात ती फुकट वापरण्याचा मार्ग मोकळा करून घेतला, त्या विल्यम हिलच्या पडद्यावर काही क्षणांत झळकते.